साडी गार्ड

वापीजवळ मसाटला धाग्याचा एक कारखाना आहे. त्याच्या आत शिरलं की माणूस मुका होतो. मशीनचा आवाज एवढा, की कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहता येत नाही, आणि बोळे घातल्यावर बोलणार कुणाशी? म्हणून तिथं सगळं हातावर चालतं. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की धागा तुटला. मूठ तोंडाशी नेली की चहा. अंगठा खांद्यावरून मागं दाखवला की साहेब येतोय, हात हालवा. भिका सोनवणे या मुक्या हॉलमध्ये एकोणीस वर्षं उभा आहे.

हा भिका आमच्या साक्रीकडचा. अहिराणीशिवाय दुसरी भाषा त्याच्या जिभेवर सरळ बसत नाही, आणि बसवायची त्याला कधी गरज वाटली नाही. जिथं बोलायचंच नाही तिथं कुठलीही भाषा चालते. राहायला डोकमर्डीत, चाळीतल्या एका खोलीत. शेजारच्या खोलीत बिहारचे चौघं, पलीकडं ओडिशाचे. ते आपापसात बोलतात, फोनवर बोलतात, भांडतात. भिकाला फोन येतो तो रिचार्ज संपत आल्याचा.

बायको होती. अलका. तीन वर्षं या खोलीत राहिली. एका आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेली ती आलीच नाही, आणि पुढच्या वर्षी दोंडाईच्याकडं तिनं पाट लावला. भावकी म्हणाली, जा, चार शब्द सुनाव. भिका गेला नाही. "तिले आठे करमनं नही," एवढंच म्हणाला. "मले तरी कोठे करमस?"

तर सांगायचं हे, की दिवसाच्या चोवीस तासांत भिका माणसासारखं जे काही बोलायचा, ते स्कूटरवर. सकाळी एक पाव तास आणि संध्याकाळी एक पाव तास. चिमाबाईशी.

स्कूटर म्हणजे जुन्या काळची, हातात गिअर असलेली, मागं स्टेपनी लावलेली. वापीच्या एका मास्तरानं काढून टाकली ती भिकानं उचलली. रंग मूळचा कोणता ते मास्तरालाही आठवत नव्हतं. सकाळी उठवायची म्हणजे तिला आधी कुशीवर निजवावं लागायचं. चांगली आडवी करून, पाच आकडे मोजून, मग उभी करायची आणि किक मारायची. चाळीतले बिहारी हे बघायला दारात दात घासत उभे राहायचे. "चाचा, आज कितने में उठेगी?" तीन किकमध्ये उठली तर टाळ्या.

रस्त्यावर एकदा लागली की बरी चालायची. पण मसाटच्या अलीकडं एक चढ आहे, लांबट, डाव्या हाताला बंद पडलेली खडीची खाण. त्या चढावर ती दिवसाआड मान टाकायची.

पहिल्यांदा तिनं तिथं मान टाकली तेव्हा मागून एक बाई चालत येत होती. हीच चिमाबाई. पन्नाशी उलटलेली, काळी, काटक, कंपनीनं झाडूवाल्या बायांना दिलेली निळी साडी नेसलेली, काखेत डब्याचं फडकं. ती थांबून बघत राहिली. भिका गाडी आडवी करतोय, उभी करतोय, किक मारतोय, पुन्हा आडवी करतोय.

"तुने गाडीचे अंगात देव येतो का रं?" ती म्हणाली. "सारखी आडवी पडते ती?"

भिकाला आधी हसू आलं, मग दचकल्यासारखं झालं. तुने. वारली बाई ही, पण बोलणं कसं कानाला घरचं लागलं. आम्ही अहिराणीत तुना-मना म्हणतो, तेही तुना-मना म्हणतात. शाळेत मास्तर ज्या शब्दांवर छडी मारायचे, तेच शब्द दोनशे किलोमीटरवरच्या एका परक्या बाईच्या तोंडी. दोन्ही बोली चुलत बहिणीच असणार. कुणी पुस्तकवाला नाही म्हणाला तर म्हणू द्या.

"देव नही माय, कचरा अडकस नळीमा," भिका म्हणाला.

"मंग बस वर. मी ढकलते."

तिनं फडकं पायफळीवर ठेवलं, पदर खोचला आणि धक्का मारला. वीस पावलांत गाडी पेटली. भिका पुढं जाऊन थांबला, कारण कारखाना एकच होता. ती मागं आडवी बसली, पाठ स्टेपनीला टेकून, पाटलिणीसारखी.

तेव्हापासून सहा वर्षं. फाट्यावरच्या चिंचेखाली ती उभी असायची, गाडी थांबायची, ती बसायची. कुणी कुणाला 'उद्या ये' म्हटलं नाही. चढावर गाडी थांबली की ती न सांगता उतरायची आणि ढकलायची. तिच्या डाव्या गुडघ्यात वात होता. तरी भिका "राहू दे माय" म्हणाला की ती खेकसायची.

"फुकट बसू का? मना हात काय मोडले?"

आणि बोलणं चालायचं. काय बोलायची? काही नाही. तिची कोंबडी कुठं अंडी घालते. सून डाळीत मीठ किती टाकते. वासोण्याच्या पार्कातला सिंह ओरडला की तिच्या बहिणीचा बैल दावं तोडतो. "सिंह पिंजऱ्यात, बैल बाहेर, आन घाबरतो बैल," असं म्हणून ती एकटीच हसायची. भिका तिला साक्रीची मिरची सांगायचा, आईच्या हातची कळण्याची भाकर सांगायचा. अलकाचंही एकदा सांगितलं. चिमाबाई म्हणाली, "बाई गेली ती गेली. तू काय भांडी नीट घासतोस का नाय?" भिका म्हणाला, घासतो. "मंग झालं."

तसा सगळा संसार ठीक चालला होता. मग भिका लाईन इनचार्ज झाला.

बढती म्हणजे फार काही नाही. गळ्यात पिवळी दोरी आणि बारा मशीनची जबाबदारी. पण राजेंद्र साहेब, प्रॉडक्शनचे, नाशिकचे, त्यांनी गेटवर हटकलं. माणूस वाईट नाही, पण चार लोकांत बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही.

"काय भिकाशेठ, इनचार्ज झालात. आता तरी ते डबडं बदला. व्हिजिटर येतात, त्यांना वाटतं कंपनीनं भंगाराचा धंदा काढलाय."

पिवळ्या दोरीवाले चारजण हसले. सगळ्यांच्या मोटारसायकली शेडमध्ये ओळीनं उभ्या होत्या. भिकाची स्कूटर वॉचमन झाडाखाली लावायला लावायचा, कारण खालून ऑइल गळायचं.

भिकाला हे लागलं, नाही असं नाही. पण हसणं त्यानं एकोणीस वर्षं पचवलं होतं. मनात त्याच्या दुसरंच शिरलं. त्याच आठवड्यात चढावर ढकलताना चिमाबाईचा गुडघा कडकन वाजला होता आणि ती डांबरावर बसली होती. दोन मिनिटं उठलीच नाही. उठली ती हसतच उठली, पण त्या दिवशी स्टेपनीला टेकून बसल्यावर ती काही बोलली नाही, ना कोंबडी, ना सून. तो पाव तास भिकाला हॉलसारखा गेला.

म्हणून भिका मोटारसायकल घ्यायला गेला. साहेबांच्या बोलण्यावर घेतली असं तो लोकांना सांगतो. पण खरं ते नव्हे.

शोरूममध्ये गाडी आधीच धुऊन-पुसून, हार घालून उभी केली होती. काळी, बाजूनं लाल पट्टा. पुढच्या चाकाखाली लिंबू. ती सगळी व्यवस्था बघणारी पोरगी होती रोशनी, गुजराती बोलणारी, चटपटीत. हातात ताट घेऊन ती इकडं-तिकडं बघायला लागली.

"काका, ओवाळायला कोण? फॅमिली मागून येते काय?"

"नही."

"कोणी पण चालेल. बेन, बेटी?"

"तूच ओवाळी टाक बेटा."

रोशनीनं गाडीला ओवाळलं, भिकाला टिळा लावला. मग पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली त्याच्या हातात देऊन फोटो काढला. ती किल्ली घर-कुटुंबानं मिळून धरायची असते. नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या, मधे लेकरं. भिकानं एकट्यानं धरली तर ती एका बाजूनं वाकायला लागली. शेवटी मधोमध धरली, लाटणं धरावं तशी.

जाताना रोशनीनं विचारलं, "काका, पाछळ साडी गार्ड छे. ठेवू के काढू? बधाच काढायला सांगतात, लुक बिघडतो. घरात लेडीज आहे?"

मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला लोखंडी जाळी असते, बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून, आणि तिच्याखाली दोन्ही पाय एका बाजूला टेकायची पट्टी. भिकानं जाळीकडं बघितलं. घरात लेडीज आहे का? या प्रश्नाचं उत्तर त्याला अकरा वर्षं पाठ होतं. रेशनला विचारतात, खोली भाड्यानं देताना विचारतात, जनगणनेवाला विचारतो.

"घरमा कोणीच नही," तो म्हणाला.

मेकॅनिकनं दोन नट खोलले आणि जाळी-पट्टी कोपऱ्यात टाकली. प्रश्न घराचा होता, भिकानं उत्तर घराचं दिलं. जिच्यासाठी गाडी घेतली ती घरात राहत नव्हती, चिंचेखाली उभी राहत होती. हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

स्कूटर त्याच संध्याकाळी कल्पेश घेऊन गेला. कल्पेश पॅकिंगमधला, तिशीचा, पोटापुढं बटण न लागणारा गडी. राहतो चिमाबाईच्या पाड्यापासून हाकेच्या अंतरावर. भिकानं त्याला आडवी कशी करायची, पाच कसे मोजायचे, सगळं दाखवलं. कल्पेश म्हणाला, "काका, ही गाडी आहे के पेशंट?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भिका चिंचेखाली जाऊन थांबला. डोक्यावर नवं हेल्मेट, तोंडावर काच. चिमाबाईनं त्याला ओळखलंच नाही. ती रस्त्याकडं बघत राहिली.

"बठ माय," भिकानं काच वर केली.

"अगं बया! मला वाटलं पोलीस." ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली. टाकीवर हात फिरवला. "कुणाची रं?"

"मन्ही. आते तुले धक्का मारानं काम नही."

ती बसायला गेली. सीट उंच. एकदा पाय उचलला, खाली ठेवला. भिकानं गाडी वाकडी केली, तेव्हा दगडावर चढून ती कशीबशी आडवी बसली. पाय ठेवायला जागा नाही, ते लोंबकळत. पाठीला स्टेपनी नाही. डब्याचं फडकं मांडीवर. धरायला काय, तर भिकाचा शर्ट.

गाडी लोण्यासारखी निघाली. भिका खुशीत होता. "कशी शे?" त्यानं विचारलं. हेल्मेटमध्ये त्याला स्वतःचाच आवाज मोठा ऐकू आला. मागून उत्तर आलं की नाही, कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. आणि मग पाठीवर थडाथड बुक्के बसले.

त्यानं ब्रेक मारला. निळ्या साडीचा पदर मागच्या चाकात गेला होता, साखळीपर्यंत. चिमाबाईनं हुशारीनं वेळेवर उडी मारली म्हणून पडली नाही. दोघांनी मिळून चाक उलटं फिरवून पदर काढला. हातभर फाटलेला, वर काळं ग्रीस.

चिमाबाईनं ते ग्रीस बोटानं चाचपलं आणि हसायलाच लागली. "तुनी नवी गाडी लय चावट रं. बाईमाणूस बसली नाय तं लुगडं सोडते!"

भिकाला हसू येईना. "जाळी काढी टाकी मी. आजच बसाडस. उद्या काही व्हवाव नही."

"नको रं." ती पदर झटकत होती, पण आवाज खाली आला होता. "जाळी बसवशील. पण मी मागं बसून करू काय? हिला ढकलाया नको, काय नको. फुकटची बसत नाय मी कुणाचे गाडीव."

"माय, सहा वरीस तू..."

"सहा वर्सं ढकलली ना? तवा बसली." तिनं फडकं काखेत मारलं. "तू जा, इनचार्ज हायेस. तुला उशीर होल."

आणि ती चालायला लागली. भिका तिच्या बाजूनं पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत राहिला. ती गप्प चालतेय, हा तिच्या कडेनं गुरगुरतोय. मागून कंपनीची बस आली, खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "काका, वरात आहे काय? बँड कुठाय?" चिमाबाईनं बसला एक सणसणीत शिवी घातली आणि भिकाला म्हणाली, "जा रं बाबा आता." तेव्हा तो गेला.

त्या आठवड्यात भिकानं साडी गार्ड शोधलं. शोरूमला गेला, तर जुनी जाळी भंगारात गेलेली. रोशनीला खरंच वाईट वाटलं. "तुम्ही तर बोलले घरात कोणी नाही?" भिका म्हणाला, "नहीच शे." आणि बाहेर पडला. बाजारात एका स्पेअरच्या दुकानात मिळालं. त्याच्या गाडीचं नव्हतं, दुसऱ्या मॉडेलचं. भोकं जुळेनात. मेकॅनिकनं तार बांधून, पट्टी वाकवून बसवलं. वर धरायला एक दांडीही बसवली. पाठीला टेकायला काही बसतं का, विचारलं. मेकॅनिक म्हणाला, "काका, मोटारसायकल आहे, पलंग नाही."

सोमवारी तो चिंचेखाली जाऊन उभा राहिला. चिमाबाई नव्हती. पंधरा मिनिटं थांबला, पाळीला उशीर होईल म्हणून निघाला. मंगळवारी अर्धा तास आधी गेला. तरी नव्हती. चालत यायचं म्हणून ती लवकर निघत असेल, असं त्याला वाटलं.

बुधवारी चढावर त्याला स्कूटर दिसली.

खाणीच्या बाजूला, नेहमीच्याच जागी, मान टाकून उभी. वर कल्पेश बसलेला, पोट हँडलला लागलेलं. आणि मागून पदर खोचून, दोन्ही हात स्टेपनीवर टेकून चिमाबाई ढकलत होती. पायफळीवर तिचं फडकं होतं. कल्पेश शंभर किलोचा आणि वर चढ. गाडी हालत नव्हती.

"उतर ना रं डुकरा," चिमाबाई म्हणत होती. "तू बी ढकल!"

"मी उतरलो तर गिअर कोण टाकेल, म्हातारी?"

भिकानं मोटारसायकल कडेला लावली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि जाऊन चिमाबाईच्या शेजारी स्टेपनीला हात लावला. तिनं मान वळवून बघितलं.

"आलास?"

"उनू."

दोघं ढकलायला लागले. दहा पावलं.

"गुडघा कसा शे?"

"हाय तिथंच हाय. लाल कोंबडी मुंगसानं नेली."

"अरे राम. ती अंडावाली?"

"तीच. सून म्हणते, बरं झालं. तिला काय जातंय..."

एवढ्यात स्कूटर पेटली. कल्पेश पुढं जाऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला. चिमाबाई लंगडत धावली. बसायच्या आधी तिनं मागं वळून मोटारसायकलकडं बघितलं.

"जाळी बसवलीस होय?" ती ओरडली. "बेस दिसते!"

स्टेपनीला पाठ टेकून ती बसली आणि गाडी धूर सोडत चढाच्या पलीकडं गेली. कोंबडीचं पुढं काय झालं ते राहिलं. भिका हात पुसत उभा राहिला. खाली उतारावर त्याची मोटारसायकल स्टँडवर उभी होती, मागं कुणी नसलेली. तो तिच्याकडं चालत परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून भिका घरून निघायची वेळ मोजायला लागला. कल्पेश चढावर कधी पोचतो, त्याच्या दोन मिनिटं मागं. शुक्रवारी पुन्हा जमलं. वीस पावलं मिळाली. कोंबडीचं बाकीचं कळलं. तिच्या पिल्लांना आता शेजारणीच्या कोंबडीखाली ठेवलंय. शनिवारी स्कूटर चढली, थांबलीच नाही. सोमवारी थांबली, पण भिकाला ट्रकांच्या गर्दीत अडकल्यामुळं उशीर झाला. पोचला तेव्हा चढ मोकळा होता, रस्त्यावर धुराचा वास तेवढा.

पुढच्या रविवारी कल्पेशनं गाडी गॅरेजला टाकली. नळी बदलली, कार्बोरेटर धुतला. भिकानं सहा वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यानं एका दुपारीत केलं. त्यानंतर ती स्कूटर त्या चढावर एकदाही थांबली नाही. "काका, पेशंट बरा झाला," कल्पेश शेडमध्ये खुशीनं म्हणाला. भिकानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता ढकलायला नको, तर चिमाबाई कल्पेशच्या गाडीवर फुकट कशी बसते, हे भिकाला विचारायचं होतं. विचारायला जागा राहिली नाही. नंतर कुणाकडून तरी कळलं, की कल्पेशची बायको बाळंतीण आहे आणि चिमाबाई संध्याकाळी जाऊन बाळाला तेल लावते, न्हाऊ घालते. तो हिशोब तिथं फिटतो.

भिकाकडं न्हाऊ घालायला काय होतं? गाडी पाइपानं धुतो, तेवढंच.

आता सकाळी चढावर कधीमधी दोन्ही गाड्या बरोबरीनं येतात. भिका गाडी जरा हळू करतो. स्कूटरच्या फटफटाटात आणि हेल्मेटच्या काचेमागं कुणाचं काही ऐकू येत नाही. चिमाबाई त्याच्याकडं बघते आणि मूठ तोंडाशी नेते. चहा झाला का? भिका मान हलवतो. झाला. मग तो दोन बोटं गुडघ्यावर आपटतो, गुडघा कसा? ती तळहात उताणा करते. हाय तिथंच हाय. मग कारखान्याचं फाटक येतं, आणि आत हॉल.

साडी गार्ड अजून आहे. दुसऱ्या मॉडेलचं, तारेनं बांधलेलं. खडीच्या रस्त्याला लागलं की खडखड, खडखड वाजत राहतं, मागं कुणी बसून बडबडतंय तसं. राजेंद्र साहेबांनी एकदा गेटवर ऐकलं.

"भिकाशेठ, नवीन गाडीला हा काय खुळखुळा? मागं कुणी बसत नाही तुमच्या. काढून टाका, नाहीतर नट तरी आवळून घ्या."

भिकानं कानात बोळे घालता घालता त्यांच्याकडं बघितलं.

"वाजू द्या साहेब," तो म्हणाला.